शिडाच्या नौकेला विजेची मोटर: टॉर्कीडो क्रूझ ४.० दोन हंगामांनंतर

आमच्या २८ फुटी, सुमारे तीन टन वजनाच्या शिडाच्या नौकेतले जुने डिझेल इंजिन काढून त्याऐवजी टॉर्कीडो कंपनीची क्रूझ ४.० ही तळाखाली कायम बसणारी मोटर लावली, त्याला आता दोन हंगाम पूर्ण झाले. नौका मुंबई बंदरात बोयाला बांधलेली असते. ऑक्टोबर ते मे या काळात ती बहुतेक शनिवार-रविवारी मांडव्याकडे आणि वर्षातून एखाद्या वेळी मुरूड-जंजिऱ्यापर्यंत जाते. एवढ्या वापरासाठी मोटर मला मनापासून पटली आहे; मात्र पुढचा हिशेब आपल्या नौकेसाठी करून पाहिल्याशिवाय कोणी पैसे गुंतवू नयेत.

टॉर्कीडो २००५ मध्ये जर्मनीतील श्टार्नबर्ग येथे सुरू झाली आणि २०२४ पासून ती यामाहाकडे आहे. त्या गावच्या सरोवरात इंधनावर चालणाऱ्या बोटींवर निर्बंध आहेत, म्हणजे मुळात ही मोटर भरती-ओहोटी नसलेल्या पाण्याच्या गरजेतून आली. आपल्याकडे ती घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मोटर ४८ व्होल्टवर चालते आणि जास्तीत जास्त ४ किलोवॉट वीज घेते. माझ्याकडे प्रत्येकी ५ किलोवॉट-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत आणि खर्चाचा मोठा वाटा मोटरीचा नसून त्यांचाच आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातली पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच नौका ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवते, हे धरूनही माझा सगळा साठा तीन-चार लिटर डिझेलच्या बरोबरीचा ठरतो. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी खरेदी दोन आठवडे थांबवली होती.

निर्णय झाला तो वेगाच्या गणितामुळे. वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते. आमची नौका १ किलोवॉटवर सव्वातीन नॉट (ताशी सव्वातीन नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर) जाते आणि ४ किलोवॉटवर जेमतेम पाच. दोन किलोवॉट-तास राखून ठेवले, तर पूर्ण जोरात दहा नॉटिकल मैल मिळतात आणि सावकाश गेल्यास सव्वीस. मांडवा साधारण आठ मैलांवर आहे, आणि पहाटेचा मतलई वारा पडल्यापासून खारा वारा सुटेपर्यंतचे तास सोडले तर बहुतेक अंतर शिडावरच कापले जाते. मात्र उधाणाच्या दिवसांत समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल, तर त्याच सव्वातीन नॉटचे सव्वा नॉट उरतात आणि सव्वीस मैलांचे दहा होतात. म्हणून आता मी निघण्याची वेळ भरतीचे कोष्टक पाहूनच ठरवतो. आपल्या किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच निघत आल्या आहेत.

बॅटरी भरण्याचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटला होता, कारण बोयाला बांधलेल्या नौकेपर्यंत किनाऱ्यावरची वीज पोचत नाही. छतावर ४०० वॉटची सौर पॅनेल लावली आहेत आणि शिडाची व डोलकाठीची सावली धरून ती दिवसाला सुमारे दीड किलोवॉट-तास देतात. रविवारी संध्याकाळी राखीव साठ्यापर्यंत उतरलेली बॅटरी शुक्रवार संध्याकाळपर्यंत जवळजवळ पुन्हा भरलेली असते. सुटीपुरती नौका वापरणाऱ्याला याहून सोयीचे काही असेल, असे मला वाटत नाही. शिडावर असताना पाण्याच्या ओघाने पंखा फिरवून वीज मिळवण्याची कल्पना आकर्षक आहे, पण चार-पाच नॉटला अशी वीज फारच थोडी मिळते. पात्यांचा कोन बदलणारी फिनलंडच्या ओशनव्होल्टची सर्वोप्रॉपसारखी यंत्रणा मोठ्या, वेगवान नौकांवर शोभते.

जोडणीबाबत एक सावधगिरीचा शब्द. पूर्ण जोरात ४८ व्होल्टला ८० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. माझ्याकडे काम करणाऱ्याने बारीक केबल वापरली होती आणि पहिल्याच फेरीत ती हाताला चटका बसण्याइतकी तापली. ती बदलून घेण्यात एक महिना गेला. केबलची जाडी आणि फ्यूजची जागा स्वतः तपासूनच पैसे द्यावेत.

जमेच्या बाजू मी रोज अनुभवतो. पावसाळ्यात नौका बाहेर काढल्यावर टाकीत पाणी धरून डिझेल खराब होण्याची चिंता उरलेली नाही, आणि तळाशी तेलकट पाणी साचत नाही. नांगर टाकताना पुढे उभ्या असलेल्या माझ्या मुलीला मला ओरडून सांगावे लागत नाही. पडद्यावर उरलेले अंतर सतत दिसते आणि जोर थोडा कमी केला की ते किती वाढते, हे पाहून सुकाणू धरणारा आपोआप शहाणा होतो.

मुंबईहून रत्नागिरी साधारण १२० नॉटिकल मैल आहे. ठरलेल्या दिवशी तिथे पोचायचेच असेल, तर नौकेत डिझेल इंजिन राहू द्यावे. या मोटरीवर मी रत्नागिरीला निघालो, तर वाऱ्याची वाट पाहण्यासाठी तीन दिवस जास्तीचे हाताशी ठेवूनच निघेन.