महापुरात बुडालेल्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरची दुरुस्ती : मिरजेजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरले आणि आजोबांच्या काळातला आमचा मॅसी फर्ग्युसन ३५ बॉनेटपर्यंत बुडाला. बहुतेकांनी तो भंगारात घालण्याचा सल्ला दिला. मिरजेजवळच्या या गॅरेजमधील मिस्त्रींनी मात्र आधी सेल मारण्यास (स्टार्टरने इंजिन फिरवण्यास) सक्त मनाई केली, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तीन सिलिंडरचे पर्किन्स इंजिन खोलून त्यांनी स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर), पिस्टन व रिंगा बदलल्या. खरे कसब दिसले ते डिझेल पंपात. या रोटरी पंपाला वेगळे वंगण नसते, त्यातून वाहणारे डिझेलच ते काम करते. त्यामुळे पाण्याने रोटरवर (पंपातील फिरत्या भागावर) धरलेला थोडासा गंजही त्याला निकामी करतो. मिस्त्रींनी तो खडबडीत डाग मला नखाने चाचपायला लावला आणि पॉलिशवर भागवण्याऐवजी पंपाचे हेड (रोटर ज्यात फिरतो तो भाग) व रोटर जोडीनेच बदलले. गिअर आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असल्याने पाणी मिसळून दुधाळ झालेले सगळे ऑइल काढून हाउसिंग डिझेलने धुतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मूळ मडगार्ड त्यांनी ठोकून सरळ केले, नवे माथी मारले नाहीत. बिल तपशीलवार मिळाले, बदललेले सुटे भागही परत मिळाले. लाल रंग मात्र मूळपेक्षा भडक लागला आहे आणि ठरलेली तारीख न कळवता पुढे ढकलली जाते, तेव्हा पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर तेथे देऊ नये.