डिस्ट्रिब्युटर: नवा घ्यावा, जुनाच बांधून घ्यावा, की पॉइंटच काढून टाकावेत?

सकाळी सातला अ‍ॅम्बेसेडर अर्ध्या सेल्फात सुरू होते, फुटाळा तलावापर्यंत मजेत जाते, आणि परतताना ऊन चढलं की मिसिंग धरते. मेकॅनिक बॉनेटखाली डोकं घालतो आणि म्हणतो, "भाऊ, डिस्ट्रिब्युटर गेला. नवीन टाकून द्या, काहून डोकं लावता?" नागपुरात जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. मीही ऐकलं, आणि एकदा मानलंही. (डिस्ट्रिब्युटर म्हणजे कॉइलमधून आलेला स्पार्क पाळीपाळीने प्लगांना वाटणारा भाग, आणि पॉइंट म्हणजे त्यात उघडझाप करून स्पार्कची वेळ ठरवणारे संपर्क.)

पैसे मोजण्याआधी गेलंय काय ते बघा. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीवर) घ्यावा. तो बदलायला दहा मिनिटं लागतात, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत बॉनेटखाली काय भट्टी असते ते वेगळं सांगायला नको. कंडेन्सर ठीक निघाला तर कॅप काढा. रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा) धरून शाफ्ट आडवा हलवून पाहा. मग इंजिन हाताने फिरवत शाफ्टवरच्या चारही कॅमवर (उंचवट्यांवर) पॉइंटचा गॅप मोजा. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅप १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हवा. एका कॅमवर १५ आणि दुसऱ्यावर ११ येत असेल, तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) किंवा शाफ्ट झिजलाय. ही झीज टायमिंगमध्ये (स्पार्क पडण्याच्या वेळेत) दुप्पट होऊन दिसते, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इथला एक अंश म्हणजे तिथले दोन.

आणखी दोन गोष्टी फुकटात तपासता येतात. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा, तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. आळसावून आला तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं जाम आहेत. मग व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढा आणि जिभेने तोंड बंद करा. पॉइंटखालची बेसप्लेट सरकून तिथेच थांबली तर डायफ्रॅम (नळीच्या टोकाचा रबरी पडदा) शाबूत. (गॅप मोजायला फीलर गेजच घ्या. हॅक्सॉ ब्लेड घालणारे मिस्त्री अजून आहेत, पण ते ब्लेड साधारण २५ थाऊचं असतं. गॅप तेवढा वाढला की टायमिंग पुढे सरकतं आणि वेगात स्पार्क कमजोर पडतो.)

आता पर्याय.

जुनाच बांधून घेणे हा माझ्या मते पहिला पर्याय. कारण त्याच्या अंगावर कोरलेला नंबर. त्या नंबरामागे तुमच्या इंजिनासाठी ठरवलेला अ‍ॅडव्हान्सचा आलेख असतो: किती आरपीएमला टायमिंग किती पुढे जायचं, तो हिशेब. आतल्या दोन स्प्रिंगा हेच काम करतात. त्यातली एक बारीक असते आणि दुसरी जाड. जाड स्प्रिंगचं कडं लांबट असल्यामुळे ती थांबलेल्या स्थितीत सैल दिसते. ती सैलच असायला हवी, कारण तिचं काम वरच्या वेगात सुरू होतं. पण "ढिली झाली" म्हणून ती काढून दोन सारख्या स्प्रिंगा ठोकणारे मी पाहिलेत. त्यानंतर गाडी धावते, फक्त ओढत नाही.

बुशचं काम लेथवर होतं. मूळ बुश सिंटर्ड ब्राँझचा असतो आणि बसवण्याआधी तो २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायचा असतो. तो मिळाला नाही तर खरादी गनमेटलचा करून देतो. चालतो, पण गनमेटल स्वतःत तेल धरून ठेवत नाही, म्हणून आत तेलाची खाच मागून घ्या. शाफ्टच झिजला असेल तर नुसत्या नव्या बुशने काही होत नाही.

इथेच माझा दीड दिवस गेला. शाफ्ट बाहेर काढायला खालच्या डॉगची (इंजिनात अडकणाऱ्या टोकाची) पिन ठोकून काढावी लागते. काम झाल्यावर खरादीने डॉग उलटा बसवून पिन मारली. हा डॉग मुद्दाम मध्यापासून थोडा सरकलेला असतो, म्हणजे डिस्ट्रिब्युटर इंजिनात एकाच बाजूने बसावा. डॉगच उलटा, तर डिस्ट्रिब्युटर नेहमीसारखा मुकाट बसला आणि रोटर मात्र १८० अंश चुकला. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फटाका. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "दिवाळी लवकर आली का?" मी स्पार्कचा १-३-४-२ हा क्रम चार वेळा तपासून पाहिला, वायरी बदलल्या, बॅटरी उतरवली. चूक डॉगची होती. तेव्हापासून काम देण्याआधी मी रोटरची खाच आणि डॉगची जाड बाजू यांचा मोबाइलवर फोटो काढतो.

गोदामातला न वापरलेला जुना माल हा दुसरा पर्याय, ऐकायला सर्वांत मोहक. चेन्नईच्या लुकास टीव्हीएसच्या डब्यात बंद डिस्ट्रिब्युटर मिळाला तर घ्याच, पण तसाच बसवू नका. पडून राहून ग्रीस घट्ट होतं, वजनं चिकटतात, डायफ्रॅमचं रबर कडक होतं. खोलून, धुऊन, पिळून बघावं. सोबत आलेला कंडेन्सर मी वापरत नाही. आणि डबा जुना, माल नवा असंही घडतं, म्हणून डब्यापेक्षा अंगावरचा नंबर वाचावा.

भंगारातून उचलणं अ‍ॅम्बेसेडरवाल्यांना वाटतं तितकं सोपं नाही. भंगारात येणाऱ्या पुष्कळ गाड्या डिझेलच्या, त्यांना डिस्ट्रिब्युटरच नाही. इसुझूच्या पेट्रोल इंजिनाचा जुन्या इंजिनाला बसत नाही. मिळालाच तर तोही तुमच्याइतकाच झिजलेला. सुट्या भागांसाठी घ्यावा.

नवी स्वस्त प्रत हा मेकॅनिकचा लाडका पर्याय, आणि त्याच्या बाजूने बोलायचं तर शाफ्ट सरळ असतो, बुश घट्ट असतो आणि तासाभरात गाडी रस्त्यावर येते. अडचण अशी की एकच आलेख सगळ्या इंजिनांच्या गळ्यात मारलेला असतो. बसवल्यावर सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थोडं दाबून बघा. खडखड ऐकू आली तर टायमिंग मागे घ्यावं लागणार, आणि मग सपाटीवर गाडी मरगळणार. माझ्या गाडीत असंच झालं, तीन महिन्यांत जुना परत चढला.

प्रत घेतलीच तर तिचा रोटर आधी तपासा. रिव्हेट मारलेल्या रोटरमध्ये पितळेकडून शाफ्टकडे स्पार्क गळू शकतो. कॅप काढा, कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पक्कडीने रोटरच्या पितळी पट्टीवर तीनेक मिलिमीटर धरा आणि इग्निशन चालू ठेवून पॉइंट उघडा. एकदा हलकी ठिणगी पडली तर ठीक. दरवेळी जोरात उडत राहिली तर करंट आरपार जातोय, रोटर फेका.

इलेक्ट्रॉनिक पर्यायात दोन जाती आहेत. एक, जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूल, पर्ट्रॉनिक्सचा इग्नायटर हे त्यातलं ओळखीचं नाव. दुसरी, अख्खा नवा डिस्ट्रिब्युटर, जसा नेदरलँड्सचा १२३ इग्निशन, ज्याच्या साध्या प्रकारात १६ आलेख आधीच भरलेले असतात आणि स्विच फिरवून हवा तो निवडता येतो. मॉड्यूलने गॅप लावायची कटकट संपते, पण वजनं, स्प्रिंगा आणि डायफ्रॅम जुनेच राहतात. म्हणजे बुश झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ते घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नवा रंग देणं. १२३ मध्ये हा सगळा पसाराच नाही. किंमत मात्र बाहेरून मागवायच्या वस्तूची, आणि टपाल-ड्युटी धरून जुना दोनदा बांधून होईल.

दोन्हींत आधी अर्थिंग बघा. सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडर पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) होत्या, आणि निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल त्यावर लावलं की एका सेकंदात संपतं. कॉइलचा रेझिस्टन्स मोजा: साधी बारा व्होल्टची तीन ओहमच्या आसपास, बॅलास्टवाली (बाहेर वेगळा रेझिस्टर लागणारी) दीडच्या. तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या घाला. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकायची सवय असेल तर ती सोडा, काही मॉड्यूल त्यानेच जळतात.

मग कोणी काय घ्यावं? रविवारी फुटाळा, लग्नसराईत एखादी वरात, एवढंच चालवत असाल तर जुना बांधून घ्या आणि पॉइंट ठेवा. रामटेक, पेंच, अमरावती असे फेरे असतील तर बांधलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये मॉड्यूल घाला, पण काढलेली पॉइंटची बेसप्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. कोंढाळीच्या पुढे मॉड्यूल गेलं तर ढाब्यावर मिळणार नाही, पॉइंट मात्र काडेपेटीच्या कडेवर घासूनही घरापर्यंत आणतात. गाडी ५० वर्षांच्या वरची असून व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर मूळ डिस्ट्रिब्युटर विकू नका, बसवलेला काहीही असो. पद्मिनीवाल्यांना प्रत घेतल्यावर माझ्याइतका राग येणार नाही कदाचित, पण चढावरची परीक्षा त्यांनीही घ्यावी. जीपवाल्यांचं काम सोपं: जुन्या विलीजच्या इंजिनाला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नाहीच, म्हणजे बुश आणि वजनं नीट झाली की निम्मं काम संपलं.

घाट रोडला सामान घ्यायला जाताना जुना डिस्ट्रिब्युटर पिशवीत घालून न्या. काउंटरवर "अ‍ॅम्बेसेडरचा द्या" म्हटलं तर जो हाताशी असेल तो मिळतो.