‘मध्ये सर्व्हर लागतच नाही’ असं कोणी सांगितलं तर

संस्थेच्या सभासदांची नोंद ठेवायला आम्ही एक वेब ॲप करून घेतलं. करून देणाऱ्याचं सगळं भांडवल एका दाव्यात होतं: “बाकीचे मध्ये सर्व्हर ठेवतात आणि त्याचे दरमहा पैसे लावतात. माझं ॲप ब्राउझरमधून थेट तुमच्या डेटाबेसशी बोलतं. मध्ये कोणी नाही, म्हणजे माहिती फुटण्याचा प्रश्नच नाही.” पैसे अर्थातच बरेचसे आगाऊ.

हा दावा खोटा होता, आणि तो ओळखायला प्रोग्रामर असायची गरज नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे नेहमीच्या वापरातले डेटाबेस. मायएसक्यूएल सहसा ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर), पोस्टग्रेस ५४३२ वर टीसीपी जोडणीची, म्हणजे दोन यंत्रांमधल्या साध्या नेटवर्क जोडणीची, वाट बघत असतो, आणि दोघांचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलायचे नियम, आपापले. वेबपेजमध्ये चालणाऱ्या कोडला, म्हणजे जावास्क्रिप्टला, अशी कोरी टीसीपी जोडणी उघडायची मुभा ब्राउझर देतच नाही. तिच्या वाट्याला एचटीटीपी (वेबपेज मागवायची नेहमीची पद्धत), वेबसॉकेट (उघडी राहणारी दुतर्फा जोडणी), फार तर वेबआरटीसी (ब्राउझर-ब्राउझरमधला थेट संवाद) असे ठरावीक मार्ग. वेबसॉकेटच्या नावावर बरेच जण गंडतात, पण तीसुद्धा सुरुवात एचटीटीपीच्या विनंतीनेच करते आणि मायएसक्यूएलला त्यातलं काही कळत नाही. ही मुभा मुद्दामच ठेवलेली नाही. नाहीतर कुठलंही पान उघडताच ते तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राचं दार वाजवत सुटलं असतं. कौचडीबीसारखे स्वतः एचटीटीपी बोलणारे डेटाबेस आहेत, पण आमचा साधा मायएसक्यूएल होता.

मग ॲप चालत कसं होतं? काही नोंदी आपोआप बदललेल्या दिसल्या तेव्हा ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून, पान कोणाकोणाशी बोलतंय ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब उघडला. प्रत्येक क्लिकला एका अनोळखी डोमेनवरच्या पीएचपी फाइलकडे (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडकडे) विनंती जात होती. डोमेन त्याचंच निघालं. म्हणजे मध्ये सर्व्हर होताच, फक्त तो आमचा नव्हता! सभासदांचे पत्ते, फोन नंबर, सगळं त्याच्या यंत्रातून ये-जा करत होतं आणि आमच्या डेटाबेसचा पासवर्ड त्या फाइलीत पडून होता.

याहून वाईट म्हणजे विनंतीत अख्खी एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, उघडी जात होती आणि पलीकडची फाइल जे येईल ते मुकाट चालवत होती. लॉगिनचं पान निव्वळ देखावा. लॉगिन न करता तीच विनंती पाठवली तरी उत्तर यायचं. एका रिकाम्या टेबलावर ‘सिलेक्ट’च्या (नोंदी दाखव) जागी ‘ड्रॉप’ (टेबलच काढून टाक) पाठवून पाहिलं. टेबल गेलं.

जाब विचारल्यावर साहेबांचा तोडगा असा: “फाइल काढतो, पासवर्ड ब्राउझरमध्येच ठेवतो.” त्याने जोडणी तर होणार नाहीच, वर ब्राउझरपर्यंत पोहोचलेली गोष्ट ज्याच्या हातात ब्राउझर आहे त्याची झाली. कोड कितीही गिचमिड केला तरी ती शोधून काढता येते. शिवाय मायएसक्यूएलच्या खात्याला हक्क द्यायचे ते टेबलावर, फार तर रकान्यांवर. कोणत्या सभासदाने कोणती ओळ पाहावी हे मधल्या कोडलाच ठरवावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये ओळीनुसार हक्क ९.५ आवृत्तीपासून आहेत, पण ते नियमही कोणीतरी बसून लिहावे लागतात. मग त्याने फायरबेस, सुपाबेस अशा तयार डेटाबेस-सेवांची नावं पुढे केली. अहो, तिथेही सर्व्हर असतोच, तो आपण लिहिलेला नसतो इतकंच. आणि नियम ढिले ठेवले तर तिथलाही डेटा उघडाच.

उरलेले पैसे आम्ही अडवले, त्याने ती फाइल बंद केली आणि ॲपचं नुसतं पांढरं पान उरलं. डेटाबेस आमच्या होस्टिंगवर होता म्हणून नोंदी शाबूत राहिल्या. पासवर्ड त्याच दिवशी बदलला.

नव्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारलं: ब्राउझर आणि डेटाबेसच्या मध्ये काय चालतं, ते कोणाच्या नावावर आहे, लॉगिन नेमकं कुठे तपासलं जातं? त्याने कागदावर तीन चौकोन काढले आणि मधल्यावर संस्थेचं नाव लिहिलं. करारातही तेच लिहून घेतलं, कोडच्या ताब्यासकट. जुन्याकडे आमच्या डेटाची प्रत उरली आहे का, ते काही तो सांगत नाही. सभासदांना तसं कळवलं आहे, आणि त्यांचे फोन आता मला येतात.