बँड ड्रमरचा, किट कोणतं? अकूस्टिक की इलेक्ट्रॉनिक

ड्रमरनं स्वतःचा इंडी पॉप (मोठ्या कंपनीशिवाय, स्वतंत्रपणे केलेलं पॉप) बँड काढायचं ठरवलं की गाडी इथंच अडते: खऱ्या ड्रमचं अकूस्टिक किट घ्यायचं की पॅडवर वाजणारं इलेक्ट्रॉनिक?

आधी तालमीची जागा बघा. बेळगावच्या टिळकवाडीत वरच्या मजल्यावर अकूस्टिक वाजवलं तर शेजारी दार ठोठावणारच. इलेक्ट्रॉनिकचे जाळीचे पॅड शांत, पण किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पेडलचा धक्का फरशीतून खाली जातो. जाड रबरी मॅट हवीच.

खरा फरक स्टेजवर. अकूस्टिकला साधारण ४ माईक: किक, स्नेअर (खाली तारा असलेला करकरीत ड्रम), आणि झांजांच्या वर २. ड्रमरच गाणार असेल तर झांजा त्याच्या माईकात शिरतात. गळा वाढवला की झांजाही वाढतात. इलेक्ट्रॉनिकच्या २ वायरी थेट मिक्सरला. क्लिक (लय धरायची टिकटिक) फक्त हेडफोनला वळवता येतो का, हे घेण्याआधी तपासा. मात्र अर्धवट उघड्या हाय-हॅटची (पायानं उघडझाप होणाऱ्या जोडझांजेची) ती सळसळ स्वस्त पॅडवर येत नाही, आणि या संगीताचा जीव पुष्कळदा तिथंच असतो.

बेळगावच्या पावसात स्नेअरच्या तारा, टेन्शन रॉड (ड्रमचं पान ताणणारे स्क्रू) गंजतात. पुसा, रॉडच्या आट्यांना थेंबभर तेल द्या. इलेक्ट्रॉनिकला वीज गेली की सगळं ठप्प. यूपीएस ठेवा.

घरात गाणी रचून रेकॉर्ड करणाऱ्या, गाणाऱ्या ड्रमरला इलेक्ट्रॉनिक. खानापूरकडे मोकळी खोली असेल आणि स्टेजवरच बँड घडवायचा असेल तर अकूस्टिक. ड्रम जुने चालतील, झांजा मात्र चांगल्याच घ्या.