साखळ्या कुणाला काढू देऊ नका

माझी पिकअप २००८ सालची आहे. देवगडातली आंब्याची भाडी, मधूनमधून बंदरावरची मासळी, पावसाळ्याआधी कुणाच्या घराचे चिरे, असं सगळं तिच्यावरच चालतं. गाडीची तक्रार नाही. दरवर्षी पासिंगला उभी राहते आणि पास होऊन येते. तक्रार होती ती मागच्या फाळक्याची. जुना जाड पत्रा. सीझनला पहाटे तीनला बागेत क्रेट भरायला लागायचो तेव्हा खिटी काढली की फाळका धडाम करून साखळ्यांवर आपटायचा. आधी कुत्री उठायची, मग शेजारची आजी. "देवाक तरी झोपाक दी रे!" हे मी दोन सीझन ऐकलं. त्यात डावा खांदा धरलेला. दिवसाला वीस-पंचवीस वेळा तो फाळका हाताने झेलायचा म्हणजे रात्री कुशीवर वळता येत नव्हतं.

अशा वेळी मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. परदेशातली मोठी पिकअप, माणूस एका बोटाने कडी ओढतो आणि फाळका लोणी वितळल्यासारखा हळूहळू खाली येतो. बाजूला एक काळा रॉड. ते किट नव्या गाड्यांना मॉडेलप्रमाणे तयार मिळतं, माझ्या गाडीला नाही, एवढं मला कळत होतं. पण वाशीला जाणाऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं की महामार्गालगत एक दुकान आहे, तिथे जुन्या गाडीलाही बसवून देतात. दुकानाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार अजून चालू आहे, आणि खरं तर नावाचा उपयोगही नाही. असं दुकान पाटी बदलून कुठेही उभं राहतं.

दुकानदार बोलायला गोड. "दादा, बसत नाही असं कोण म्हणतं? आपण तुमच्या गाडीला अडॅप्ट करून देतो. दोन्ही बाजूला एक-एक, हेवी ड्युटी, वर्षाची वॉरंटी." मजुरीसकट ७,४०० रुपये. ५,००० आधी. स्कॅन केलं तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं खातं." बिल मागितलं तर, "बिल हवं असेल तर जीएसटी वर लागेल, तुम्हीच बघा." मी बघितलं, आणि बिल सोडलं. आता हे लिहिताना मलाच हसू येतं. दीड रुपयाच्या कोथिंबिरीसाठी भांडणारा माणूस मी.

काम दोन तासांत झालं. पोऱ्याने हौद्याच्या आतल्या बाजूला आणि फाळक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि वेल्डिंग मारलं. रॉड त्या वेळी पट्टीला लटकत होता. ठिणग्या सरळ त्याच्या चकचकीत दांड्यावर उडत होत्या, मी समोर चहा पीत उभा होतो. काम संपल्यावर पोऱ्याने साखळ्या सोडल्या. मी म्हटलं, राहू देत की. दुकानदार हसला. "साखळी ठेवलीत तर मग शॉकअपचा उपयोग काय? आणि साखळी रॉडला घासते." साखळ्या कोपऱ्यातल्या भंगारात पडल्या. मग त्याने खिटी काढली. फाळका अगदी व्हिडिओतल्यासारखा आला. सावकाश, आवाज नाही. मी उरलेले २,४०० तिथेच दिले.

एकोणीस दिवस मजेत गेले. आजींनी घरात फणसाची साटं पाठवली, एवढा फरक पडला. पंधराव्या दिवशी उजव्या रॉडवर तेलाचा ओशट डाग दिसला. धूळ चिकटून तिथे काळं कडं झालं होतं. मी फडक्याने पुसलं. विसाव्या दिवशी पहाटे भाचा फाळक्यावर उभा राहून वरचे क्रेट घेत होता, दोन हातांत दोन क्रेट. आडव्या फाळक्यावर पाय देऊन भरणं हे सगळेच करतात, साखळ्या त्यासाठीच असतात. उजवीकडचा रॉड टोकाच्या प्लास्टिकच्या वाटीतून निसटला. सगळा भार डावीकडे गेला आणि डावीकडची वेल्डिंगची पट्टी पत्रा फाडून सुटली. फाळका सरळ खाली लोंबला. भाचा खाली, नडगी फाळक्याच्या कडेवर. सात टाके. हाड वाचलं. अकरा क्रेट रस्त्यावर, त्यातला अर्धा माल आमरसाच्या भावाने गेला.

पोराला दवाखान्यातून घरी सोडून मी गाडी जामसंड्याकडच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांच्याकडे आधीच जायला हवं होतं, पण ते काम बघायच्या आधी बोलणी खायला लावतात, म्हणून टाळलं होतं. त्यांनी रॉड काढला, दांड्यावर नख फिरवलं आणि माझा हात धरून माझंही नख फिरवलं. खरखर लागली. बारीक खड्डे. काही वेल्डिंगच्या ठिणग्यांचे, पण बरेचसे जुने, गंजाचे. मग त्यांनी रॉडचं टोक जमिनीला टेकवून हाताने दाबलं. दांडा आत गेला आणि आतच राहिला. म्हणाले, चांगल्या रॉडात दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, तो असा साध्या हाताने दबत नाही, आणि दबलाच तर सोडल्याबरोबर बाहेर येतो. हा मेलेला आहे.

नळीवर चंदेरी स्टिकर होता, 'हेवी ड्युटी' लिहिलेला. थिनरचं फडकं मारलं तर स्टिकर गेला, त्याखालचा काळा स्प्रे गेला आणि खाली कंपनीचा छापलेला मजकूर दिसला, ३८० एन. काका हसले. "ह्यां डिकीचां आसा रे. कोणाच्या तरी मोडलेल्या मोटरीचा." एन म्हणजे न्यूटन, साधारण दहा न्यूटनला एक किलोचा जोर धरायचा. म्हणजे नवा असताना हा रॉड अडतीस-एकोणचाळीस किलोच्या जोराने ढकलत असणार.

'ढकलत' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला, आणि तिथे माझी खरी चूक मला कळली. जुना माल नवा म्हणून विकला ही फसवणूक झालीच. पण तो कोरा करकरीत असता तरी फसवणूकच होती.

काकांनी सुतळी घेतली. फाळका बंद करून हौद्यावरच्या बोल्टपासून फाळक्यावरच्या बोल्टपर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली. मग मला फाळका आडवा धरून ठेवायला लावला. सुतळी वीतभर कमी पडली. "बघ. फाळका पडतो तेव्हा ही दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. गॅसचा रॉड कायम बाहेरच ढकलतो, त्याला दुसरं येत नाही. मोटरीची डिकी वर उघडते, म्हणून तिथे ढकलणं हीच मदत. तुझा फाळका खाली पडतो. तिथे ढकलला तर तो पाडायलाच मदत करणार." मी म्हटलं, बोल्टची जागा बदलली तर? त्यांनी सुतळीचं टोक हौद्याच्या आतल्या भिंतीवर चार ठिकाणी धरून दाखवलं. पुढे, मागे, वर, खाली. प्रत्येक वेळी सुतळी कमीच पडली. बिजागरी तळाशी असलेल्या फाळक्याला हौद्याच्या आत कुठेही रॉड लावा, उघडताना तो लांबणारच.

मग दुकानात फाळका हळू कसा आला? त्याचं उत्तर ऐकून मी बाकड्यावर बसलो. रॉडातला गॅस गेलेला होता, तेल शिल्लक होतं. दांडा बाहेर येताना आतल्या दट्ट्याच्या बारीक भोकातून ते तेल सरकावं लागतं, म्हणून गती कमी. मेलेला रॉड चार दिवस ब्रेकसारखा वागला. खड्डे पडलेल्या दांड्याने आतलं रबरी सील कापत आणलं, तेल गळलं, ब्रेक संपला. आणि रॉड खरोखर नवे असते तर? फाळका मिस्त्रीकाका आणि त्यांच्या पुतण्याने काट्यावर तोलला, २७ किलो. त्याच्यामागे ३८-३८ किलोने ढकलणारे दोन रॉड, आणि खिटी काढणारा माणूस बरोबर समोर उभा. म्हणजे माल भंगारातला होता म्हणून माझी छाती वाचली. अशी कृतज्ञता कुणावर येऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. आधी ओळख दिली नाही. मग म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड केला असेल. मी थिनरने पुसलेला रॉड पुढे केला तर म्हणाला, हा आमचा नव्हे, तुम्ही बदलून आणलात. साखळ्या तरी परत दे म्हटलं तर भंगारवाला घेऊन गेला होता. शेवटी ठेवणीतलं वाक्य काढलं, "गाडी पिवळ्या पाटीची आहे ना? मग तुम्ही ग्राहक नाही. कमर्शियल. जा कुठे जायचं ते."

या वाक्याला बरेच जण परत फिरत असणार. मीही फिरलो होतो, घरापर्यंत. पुतणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून दाखवला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही हे खरं, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, तो ग्राहकच आहे असं त्यात स्पष्टीकरण आहे. एका गाडीवर स्वतः स्टिअरिंग धरणारा माणूस पिवळ्या पाटीमुळे बाहेर पडत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

अडचण एकच, बिल. माझ्याकडे होतं काय? त्या बाईच्या नावावर गेलेल्या दोन रकमा, त्या तारखा, आणि व्हॉट्सॲपवर दुकानदाराने पाठवलेला एक फोटो. काम झाल्यावर त्यानेच हौसेने काढलेला, खाली "वन इयर वॉरंटी दादा" असा मेसेज. त्या फोटोत माझ्या गाडीचा नंबर, त्याच्या दुकानाची भिंत आणि कोपऱ्यात माझ्या साखळ्या, तिन्ही दिसतात. पुतणी म्हणाली, बिलापेक्षा हा बरा. १९१५ वर तक्रार गेल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला, आवाज परत गोड. ३,००० परत आले. उरलेल्याला "सीझन संपू दे" म्हणाला. सीझन संपला, फोन उचलणंही संपलं. आता आयोगाचे कागद तयार होताहेत. भाच्याच्या औषधाच्या पावत्याही लावल्या आहेत.

फाळक्याचं पुढे काय केलं ते विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सांगतो. काकांनी आधी हार्डवेअरमधून नव्या साखळ्या आणायला लावल्या आणि त्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. निम्मा आवाज तिथेच गेला, शंभर-सव्वाशे रुपयांत. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. मग कोल्हापुरातून एकच रॉड मागवला, पण डिकीचा नव्हे, डॅम्पर. हा ढकलत नाही, ओढला जाताना अडवतो. पट्ट्या वेल्डिंगने नाही, बोल्टने लावल्या, पातळ पत्र्याच्या मागे जाड पत्र्याचा तुकडा देऊन, म्हणजे पत्रा फाटत नाही. वेल्डिंगने रंग जळतो, आणि मासळीचं खारं पाणी गळणाऱ्या हौद्यात जळलेली जागा एका पावसाळ्यात चाळण होते. दांडा खालच्या बाजूला ठेवला, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. आणि साखळीची लांबी कड्या मोजून अशी धरली की फाळका आडवा होताना साखळी आधी ताणली जावी आणि रॉडात बोटभर चाल शिल्लक राहावी. वजन साखळीने घ्यायचं, रॉडने फक्त वेग खायचा. मासळीची खेप झाली की दांडा गोड्या पाण्याने धुऊन पुसतो.

आता फाळका खरंच हळू येतो. आजी झोपलेल्या असतात. भाचा मात्र खिटी काढली की अजून दोन पावलं मागे सरतो आणि साखळी ताणल्याचा आवाज येईपर्यंत फाळक्याला हात लावत नाही.