पाणी गढूळ आलंय, माशांच्या टँकमध्ये काय टाकू? पिंपातलं शिळं पाणी, अँटीक्लोरीन, आरओ की जार

मुंबईत जून-जुलैत हा प्रश्न ठरलेला. नळाला पहिली पाचदहा मिनिटं चहाच्या रंगाचं पाणी, महापालिका सांगते उकळून गाळून प्या, आपण आपल्यापुरतं उकळतो पण माशांचं काय ते कोणी सांगत नाही. दुकानदाराला विचारलं तर त्याच्या शेल्फवर जे आहे तेच बेस्ट.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सगळी निवड त्यावर आहे. ज्या जंतूंनी आपल्याला जुलाब, कावीळ होते त्यांचं माशांना फारसं काही होत नाही. मासे मरतात ते बहुतेक वेळा त्या जंतूंवर मारलेल्या क्लोरीननं. पिण्याच्या पाण्याचं आयएस 10500 हे मानक म्हणतं की लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे, आणि कल्ल्यांना याच्या दहाव्या हिश्श्यातही त्रास सुरू होऊ शकतो. त्यात सोसायटीनं टाकी धुवून ब्लीचिंग पावडर मारली असेल, बादलीला स्विमिंग पूलचा वास येत असेल, तर आपल्यासाठी ते पाणी एकदम सेफ आणि माशांसाठी सगळ्यात वाईट. म्हणून खाली नोटीस लागली की टाकी धुणार, तर आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवा.

आता पर्याय. नेहमीचा 2 बाय 1 बाय 1 फुटाचा टँक म्हणजे साधारण 56 लिटर, त्याचं पाव पाणी बदलायचं म्हणजे जेमतेम एक बादली. एवढ्यासाठी महागडं सिस्टीम घ्यायची गरज नाही हे आधीच सांगतो.

पिंपात पाणी भरून एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवणं, हे फुकट आणि साध्या क्लोरीनला पुरेसं. गाळही खाली बसतो, वरचं पाणी पाइपनं ओढून घ्यायचं. अडचण दोन. एक म्हणजे जागा, आपल्या घरात पिंप ठेवायचा कुठे, आणि उघडा ठेवला की डासांच्या अळ्या, डेंग्यूवाले तपासायला आले तर बोलणी खावी लागतात, त्यामुळे जाळी किंवा कापड घट्ट बांधायचंच. दुसरी जास्त महत्त्वाची. लाइनीत गटाराचं पाणी शिरलं असेल तर त्यात अमोनिया असतो, क्लोरीन त्याला भेटला की क्लोरामीन बनतं आणि ते एका दिवसात उडून जात नाही. म्हणजे नेमकं ज्या दिवशी पाणी खराब आहे त्या दिवशी हा उपाय अर्धवट पडतो.

अँटीक्लोरीन पाच मिनिटांत काम करतं. कुर्ल्याला, क्रॉफर्ड मार्केटला जे पांढरे खडे किंवा स्वस्त थेंब मिळतात ते सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचा जुना हायपो. क्लोरीन संपवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, पण क्लोरामीन फोडलं की आतला अमोनिया, जो माशांना घातक, मोकळा होतो आणि तो तसाच पाण्यात राहतो. चालू फिल्टर तो हळूहळू पचवतो, नव्या टँकमध्ये मात्र पचवायला बॅक्टेरियाच नसतात. अशावेळी ज्या वॉटर कंडिशनरवर (नळाचं पाणी माशांजोगं करणारे थेंब) क्लोरामीन आणि अमोनिया दोन्ही लिहिलंय ते घ्या, महाग आहे पण थेंबाथेंबानं लागतं. बादलीत टाकत असाल तर बादलीपुरता डोस, थेट टँकमध्ये पाइप सोडत असाल तर पूर्ण टँकचा डोस, इथे बरेच जण गडबडतात. मला विचाराल तर दोन्ही एकत्र, रात्रभर पिंप आणि सकाळी कंडिशनर.

घरात आरओ आहे तर तेच पाणी का नको? मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, पावसाचं, मुळातच मऊ. त्यातून आरओनं उरलेसुरले क्षारही काढले की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, आज 7 तर काही दिवसांनी धाडकन खाली. गप्पी, मॉलीला तर ते अजिबात मानवत नाही. कार्बन आणि यूव्हीवाला साधा प्युरिफायर असेल तर तो मुंबईसाठी जास्त बरा, कार्बन क्लोरीन खातो, यूव्ही जंतू मारतो, क्षार राहतात. पण कार्बन बदलून किती दिवस झाले ते बघा, आणि अमोनिया यानं निघत नाही. आरओचं बाजूच्या नळीतून वाहून जाणारं पाणी टँकला वापरणारे आहेत, एरवी आपल्या मऊ पाण्यात ते चालूनही जातं, पण पाणी दूषित असताना नको, जे काही वाईट असेल ते त्यातच जमा झालेलं असतं.

उकळणं माशांसाठी फुकट गॅस. जंतू मरतील, क्लोरीन जाईल, पण ऑक्सिजनही जातो, गार करून पुन्हा बबल सोडायचे, बादलीभर पाण्याला एवढा खटाटोप कोण करणार. तुरटी नकोच, मऊ पाण्यात पीएच पाडते. टँकरचं पाणी बऱ्याचदा विहिरीचं किंवा बोअरचं, जड, टीडीएस मीटरनं क्षार मोजल्याशिवाय हात लावू नका.

आणि सर्वात दुर्लक्षित पर्याय म्हणजे पाणी न बदलणं. पाण्याला गटाराचा वास येतोय, रंग काळपट आहे, तर कुठलाही थेंब त्याला सुधारत नाही. चालू, जुना टँक असेल तर खाणं अर्ध्यावर आणा, एअर पंप फुल ठेवा, आठवडाभर काही बिघडत नाही. फिल्टरचा स्पंज त्या दिवसांत नळाखाली धुवू नका, टँकमधल्याच पाण्यात पिळा, नाहीतर अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया क्लोरीननं साफ होतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले आणि अगदीच बदलावं लागलं तर 20 लिटरचा जार मागवा. तो बहुतेक आरओचाच असतो, म्हणून एका वेळी टँकच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ नका.

खर्च करायचाच असेल तर पहिले पैसे अमोनिया टेस्ट किट आणि क्लोरीनच्या ओटीओ थेंबांवर घाला. नळीत पाणी, चारपाच थेंब, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, जितकं गडद तितका जास्त. कंडिशनर टाकायच्या आधी बघायचं, आणि नळीतलं ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं, टँकमध्ये नाही.