फ्लिपनोट स्टुडिओ: तीन रंग, एक बेडूक आणि दुसऱ्याचं अ‍ॅनिमेशन उघडून बघायची सोय

आधीच सांगून टाकते, निन्टेन्डोच्या डीएसआय या हातात धरायच्या गेम मशीनवरचं, चित्रं काढून हलवायचं हे अ‍ॅप आता कुठूनही डाउनलोड होत नाही. डीएसआयचं ऑनलाइन शॉप निन्टेन्डोने ३१ मार्च २०१७ला बंद केलं, त्यामुळे ज्या मशीनमध्ये ते आधीपासून आहे तेच मशीन मिळवावं लागतं. मग रिव्ह्यू कशाला लिहितेय? कारण सेकंडहँड डीएसआय अजून फिरतायत आणि घेणारे लोक स्क्रॅच किती, बॅटरी कशी, बिजागरी ढिली आहे का हे सगळं विचारतात पण फ्लिपनोट आहे का हे विचारत नाहीत. विचारा बाबांनो. त्या मशीनवर मला आवडलेली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे आणि ती कायम फुकट होती.

माझ्याकडचा डीएसआय न्यू जर्सीच्या मामेबहिणीकडून आलाय, तिचा पोरगा आता कॉलेजला गेला आणि हा कपाटात पडून होता. ज्यांचा असा अमेरिकेतून येईल त्यांनी एक लक्षात ठेवा, तिकडचा निन्टेन्डोचा चार्जर १२० व्होल्टचा असतो, इकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा नाही, नाहीतर वाट लागेल. थ्रीडीएस (निन्टेन्डोचं डीएसआयनंतरचं मशीन) आणि डीएसआयची चार्जिंग पिन एकच आहे, तर त्या पिनची यूएसबी केबल घ्या आणि मोबाइलच्या अ‍ॅडाप्टरला लावा, काम होतं.

तर अ‍ॅप. जपानमध्ये डिसेंबर २००८ला आलं, अमेरिकेत ऑगस्ट २००९ला. ज्या योशिआकी कोइझुमींनी सुपर मारिओ गॅलक्सी हा गेम डिरेक्ट केला ते यात होते आणि त्यांच्यासोबत हिदेआकी शिमिझु. म्हटलं तर एवढंच आहे की शाळेत वहीच्या कोपऱ्यात आपण माणूस काढून पानं फर्रकन सोडायचो, तेच स्क्रीनवर. खालच्या टच स्क्रीनवर स्टायलसने काढायचं, डी-पॅडने (बाणांच्या बटणाने) पुढची फ्रेम मागची फ्रेम, आणि कोपऱ्यात एक बेडूक बसलेला असतो त्याला टोचलं की मेनू उघडतो. तो बेडूक मला जाम आवडतो, काहीही करत नाही, नुसता बसून असतो.

आता आकडे. कॅनव्हास २५६ बाय १९२ पिक्सेल. कागद पांढरा किंवा काळा. पेन काळं (काळ्या कागदावर पांढरं), लाल आणि निळं. लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा) दोन, आणि एका लेयरला एका वेळी एकच रंग, म्हणजे कुठल्याही एका फ्रेममध्ये कागद धरून तीनच रंग दिसणार. फ्रेम जास्तीत जास्त ९९९. स्पीड १ ते ८, सगळ्यात वरचा ८ म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. गणित करा, फुल स्पीडला ९९९ फ्रेम म्हणजे जेमतेम ३३ सेकंद. रात्र रात्र बसून काढलेलं अर्ध्या मिनिटात संपतं, हे पचवायला थोडे दिवस जातात.

रंगांची ही भानगड कळायला प्रत्यक्ष काहीतरी काढायला लागतं. मी आमच्या किचनच्या खिडकीवर येणारा कावळा काढत होते. कावळा काळा, एका लेयरवर. खिडकीचे गज निळे, दुसऱ्या लेयरवर. इथपर्यंत मजेत. मग त्याने काव काव करायला चोच उघडली, आतून ती लाल हवी होती, आणि लालला जागाच नाही, दोन्ही लेयर भरलेले! मग काय, जेवढा वेळ चोच उघडी तेवढ्या फ्रेमपुरते गज काळे करून कावळ्याच्या लेयरवर ढकलले आणि निळ्या लेयरचा रंग लाल केला. प्ले केल्यावर असं दिसलं की कावळा ओरडला की गज दचकून काळे पडतात, आणि काय सांगू, मुद्दाम ठरवून केलं असतं तरी एवढं चांगलं झालं नसतं. तसेच ठेवले.

गज प्रत्येक फ्रेमला आपोआप येत नाहीत बरं का. इथे बॅकग्राउंड नावाची वेगळी गोष्ट नाही, प्रत्येक फ्रेमचे लेयर तिचे तिचे, त्यामुळे फ्रेम कॉपी करायची, पुढे पेस्ट करायची, फक्त डोकं खोडायचं आणि परत काढायचं, असं चालू राहतं. मागची फ्रेम फिकट दिसत राहते, ती सोय उत्तम आहे, तिच्यावर बेतून मान किती वळवायची ते कळतं. पण हात थरथरला की गज पण थरथरतात, आणि कॉपी न करता प्रत्येक वेळी हाताने गज काढले तर सगळी खिडकी उकळल्यासारखी दिसते. काही लोक तो इफेक्ट मुद्दाम वापरतात.

देवनागरीत लिहायचं म्हणाल तर बारीक पेन आणि मोठं अक्षर, दुसरा उपाय नाही. या रिझोल्यूशनला क्ष आणि ज्ञ ची पोटं भरून जातात, ष्ट्य तर विसराच. मी शिरोरेषा लाल लेयरवर आणि अक्षरं काळ्या लेयरवर असं करून बघितलं, मग शिरोरेषा आधी सरकत येते आणि अक्षरं तिला एकेक करून लोंबकळतात. पाच अक्षरांच्या वर जायचं नाही, डोळे जातात.

आवाजाचं सांगते, कारण खरी धमाल तिथे आहे. माइकवरून एक मिनिटापर्यंतचा मागचा आवाज रेकॉर्ड होतो आणि वर तीन छोटे साउंड इफेक्ट, ते हव्या त्या फ्रेमला चिकटवायचे. क्वालिटी यथातथाच आहे, रेकॉर्डिंग आठ किलोहर्ट्झच्या आसपास होतं, पंखा चालू असेल तर पंखाच ऐकू येतो. पण एक गंमत अशी की रेकॉर्ड केल्यानंतर अ‍ॅनिमेशनचा स्पीड बदलला की आवाजाचा स्पीड पण बदलतो, म्हणजे हळू बोलून ठेवायचं आणि मग स्पीड वाढवायचा, की आपण उंदरासारखे चिरकायला लागतो. मी कुकरची शिट्टी टाकली कावळ्याच्या तोंडी आणि स्पीड खाली आणला तर ती जहाजाच्या भोंग्यासारखी झाली. कॅमेऱ्यातून फोटो पण आत घेता येतो, तो ठिपक्याठिपक्यांचा काळापांढरा होऊन येतो. डीएसआयचा कॅमेरा ०.३ मेगापिक्सेलचा, त्यामुळे फार अपेक्षा नकोत, पण चेहऱ्यावर मिशा काढून हलवायला पुरतो.

एवढं सगळं असूनसुद्धा नुसतं काढायचं अ‍ॅप म्हणून बघितलं तर आजच्या टॅबलेटवर याच्या दसपट सोयीचं मिळेल, त्यात वाद नाही. मग मी हे का धरून बसलेय? तर शेअरिंगमुळे, आणि शेअरिंग म्हणजे आपण आता ज्याला शेअर म्हणतो ते नव्हे.

क्योटोची हातेना नावाची इंटरनेट कंपनी आहे, त्यांच्यासोबत निन्टेन्डोने फ्लिपनोट हातेना ही सर्व्हिस काढली होती. डीएसआयवरूनच अपलोड करायचं, डीएसआयवरूनच दुसऱ्यांचं बघायचं, तारे द्यायचे (साधे पिवळे आणि वर हिरवे, लाल, निळे, जांभळे असे भाव खाणारे), कमेंट पण स्टायलसने काढून टाकायची. काडीमाणसांच्या मारामाऱ्या, गाण्यांवर ओठ हलवणारी मांजरं, आणि शेवटच्या फ्रेमला तारे द्या तारे द्या म्हणून भीक, हे सगळं होतं, त्यातलं बरंचसं टुकार होतं हे पण खरं. पण मुद्दा हा की कुणाचंही फ्लिपनोट आवडलं आणि त्याने ते लॉक केलेलं नसलं, तर ते आपल्या मशीनवर उतरवून थेट एडिटरमध्ये उघडता यायचं. व्हिडिओ नाही, अख्खी फाइल, फ्रेम फ्रेम सुटी, लेयर सुटे! मारामारीत ठोसा लागतो तेव्हा त्या पोराने एक फ्रेम पूर्ण पांढरी सोडलीय, हात काढलेलाच नाहीये, मधल्या फ्रेममध्ये नुसता एक फराटा आहे, हे सगळं आपल्या डोळ्याने दिसायचं. मग त्याच्यापुढे आपल्या चार फ्रेम जोडून परत अपलोड करायचं. आणि मूळ कुणी बनवलं, मधे कुणी हात लावला, आत्ता कुणी बदललं, ही तीन नावं फाइलच्या आतच लिहिलेली असतात, आणि फाइलवर डिजिटल सही असते, त्यामुळे आपलं म्हणून खपवणं सोपं नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कुणी शिकवायला बसलं नव्हतं, ती एकमेकांच्या फाइली उसवून शिकली. आजच्या रील्समध्ये एखादं हलतं चित्र आवडलं तर ते सेव्ह करण्यापलीकडे आपण काय करू शकतो? हे कसं केलं भाऊ अशी कमेंट टाकायची आणि रिप्लायची वाट बघायची.

हातेनावालं ३१ मे २०१३ला बंद झालं. त्याची जागा घ्यायला थ्रीडीएससाठी फ्लिपनोट स्टुडिओ थ्रीडी आलं, जपानमध्ये जुलै २०१३ला. सहा रंग, तीन लेयर, खोली दाखवणारं थ्रीडी, कागदावर सगळंच सरस. पण लहान पोरं अनोळखी लोकांशी नको त्या गोष्टींची देवाणघेवाण करतायत असं निघालं, त्यात निन्टेन्डोने हात आखडता घेतला, आणि अमेरिकेत ते आलं फेब्रुवारी २०१५ला, तेसुद्धा क्लब निन्टेन्डो या निन्टेन्डोच्याच ग्राहक-क्लबच्या मेंबरांपुरतं आणि जगभर शेअर करायची गॅलरी काढून टाकून. पोरांच्या सुरक्षिततेचं कारण मला पटतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण अ‍ॅप म्हणून त्याचा अर्धा जीव गेला. मी एका मित्राच्या थ्रीडीएसवर वापरलंय, काढायला छान वाटतं, केके नावाचा फ्रेंच अ‍ॅनिमेटर त्यात जे प्राणी हलवतो ते बघून तर तोंडात बोटं जातात. तरी मला जुनंच आवडतं. सहा रंग मिळाल्यावर मी रंग भरत बसते आणि कावळा हलतच नाही.

थ्रीडीएस घेऊन त्यावर जुनं अ‍ॅप चालवू असं कुणाच्या मनात असेल तर तसं होत नाही, डीएसआयमधून थ्रीडीएसवर बाकीचे बरेचसे गेम हलवता यायचे पण फ्लिपनोट नाही. नवीन थ्रीडीवालं पण आता नव्याने मिळत नाही, थ्रीडीएसचं शॉप मार्च २०२३ला बंद झालं. म्हणजे डीएसआय किंवा डीएसआय एक्सएलच हवा. एक्सएल मिळाला तर सोडू नका, पिक्सेल तेवढेच पण स्क्रीन ४.२ इंचांची, साध्या डीएसआयची ३.२५. जाड बोटांच्या लोकांना फरक पडतो, आणि चाळिशीच्या चष्म्यालासुद्धा.

ऑनलाइन पूर्ण मेलेलं नाहीये. सुडोमेमो म्हणून चाहत्यांनी उभा केलेला सर्व्हर आहे, हातेनासारखाच, डीएसआयच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारा पत्ता) बदलायचा, मशीन उघडायची किंवा हॅक करायची गरज नाही. डोकेदुखी वायफायची आहे. डीएसआयला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं, आणि डब्ल्यूपीए२ (हल्लीच्या राउटरचं नेहमीचं लॉक) पासवर्ड टाकायचा तर पहिल्या तीन कनेक्शनमध्ये ती सोय नाही, अ‍ॅडव्हान्स्ड सेटअपमध्ये जावं लागतं, हे कुणी सांगत नाही आणि माणूस तासभर राउटरला शिव्या घालत बसतो. जमलं नाही तर मोबाइलचा हॉटस्पॉट २.४वर टाकून बघा. तिकडे अजून लोक रोज काहीबाही टाकत असतात, पूर्वीची लहान पोरं आता नोकऱ्या करणारी झालीत, त्यामुळे दर्जा खरं तर वाढलाय, मारामाऱ्या मात्र तशाच आहेत.

ऑनलाइनच्या भानगडीत पडायचं नसेल तर जीआयएफ करून एसडी कार्डावर टाका आणि फॅमिली ग्रुपवर पाठवा, आवाज जात नाही पण चित्र पोचतं. दोन डीएसआय जवळ असतील तर नेटशिवायसुद्धा एकमेकांना पाठवता येतं. आमच्याकडे भाचीला तिच्या बाबांनी एक घेऊन दिलाय, ती कावळ्याचं उघडून त्याच्या डोक्यावर हेल्मेट घालून परत पाठवते, मी हेल्मेटवर मांजर बसवते, आत्ता तो कावळा कुठल्या अवस्थेत आहे हे विचारू नका.

घेताना बघायच्या गोष्टी: मेनू सरकवत जाऊन फ्लिपनोटचं आयकॉन आहे का ते स्वतः बघा, नुसत्या फोटोवर विश्वास नको. टच स्क्रीनच्या चारही कडांना रेघ ओढून बघा, कडेला मेलेली असेल तर याचा काही उपयोग नाही. एसडी कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नका, चालणार नाही. आणि विकणारा फॉरमॅट करून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा, आधी आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगा, आत कुणाची तरी जुनी फ्लिपनोटं पडलेली असतात. माझ्याकडच्यात मामेबहिणीच्या पोराची एक काडीमाणसांची मारामारी निघाली, ठोशाला ती पांढरी फ्रेम वगैरे सगळं बरोबर टाकलेलं, त्याला जीआयएफ पाठवली तर म्हणाला हे मी कुणाचं तरी बघून केलं होतं.